बुधवारचा रहू

मोबाइल खिशात असला तरी मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, "अठरा मिनिटं. मधी बोलायचं न्हाई." आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाबूंचा स्वयंपाक असा सुरू व्हायचा. स्वयंपाक त्यांचा, खोली माझी.

एका फायलीला आठवडा लावणारा माणूस मासे शिजवताना किती चपळ होतो, हे तुम्ही पाहायला हवं होतं. मी घनसावंगीत नवा, एकटा, भाड्याच्या खोलीत राहणारा कारकून. बाबूंच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, माळ घातलेली. त्यांच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा शिरत नसे. आता वारांचं गणित पाहा. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी काकूंचा उपवास आणि रविवारी लेक-जावई जेवायला. उरला बुधवार. त्या संध्याकाळी सात ते आठ काकू देवळात भजनाला असत आणि बाबू माझ्याकडे.

पिशवीत गोदावरीचा रहू आणि त्यावर झाकायला मेथीची जुडी, अशी स्वारी यायची. सदरा बाहेरच्या तारेवर टाकून, बनियनवर माझा टॉवेल गुंडाळून ते कामाला लागत. आमच्याकडे माशाचा रस्सा म्हटला की भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला आणि वर बोटभर तर्री. बाबूंचं तसं नव्हतं. चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, दोन हिरव्या मिरच्या, हळद आणि चिंचेचं पाणी. उकळी फुटली की मीठ लावलेले तुकडे अलगद सोडायचे, झाकण ठेवायचं, उतरवताना मूठभर कोथिंबीर. खानावळीतून आणलेल्या गरम भाकरीबरोबर ते पातळ, आंबट पाणी ओरपताना मला दिवसभराचं ऑफिस आठवत नसे. डॉक्टरने रात्री हलकं खायला सांगितलंय, असं ते सांगत. खरं कारण वेगळं होतं. मसाल्याचा वास केसांत बसतो आणि घरापर्यंत सोबत येतो.

जेवण झालं की पुरावे नाहीसे करायचा कार्यक्रम. बेसनाने हात, लिंबाने हात, पुन्हा बेसनाने हात. मग तीन उदबत्त्या पेटवून स्वतःलाच ओवाळून घ्यायचं. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण जात सरकारी माणसाची, कागदाला कागद जोडल्याशिवाय चैन पडत नाही. अंगाला उदबत्तीचा वास येतो तर त्याचं कारणही दिसायला हवं, म्हणून तिची राख कपाळाला लावून ते घरी जाऊ लागले.

काकूंनी विचारलं, तेव्हा गावाबाहेरच्या देवळात जाऊन आलो म्हणाले. काकूंनी ते मनापासून खरं मानलं. सहा महिन्यांत गल्लीभर झालं की ह्यांना देवाची गोडी लागली. मग काकूंनी भजनातल्या महाराजांशी परस्पर बोलून ठरवूनही टाकलं. येत्या एकादशीला बाबूंच्या गळ्यात माळ पडणार होती.

हे कळलं त्या दुपारी बाबू माझ्या टेबलाशी येऊन बसले. माळ घातली तर मासे जन्माचे सुटणार आणि खरं सांगितलं तर काकू गल्लीसमोर खोट्या पडणार. मला माझा बुधवार गमवायचा नव्हता. म्हटलं, घाला की. बुधवारी तासभर काढून ठेवायची.

"खुंटीला टांगायचा सदरा हाय का तो?" बाबू म्हणाले. "बायकोशी खोटं बोलून राह्यलो, ते माझं मी बघीन. माळ घालून बिलकुल न्हाई बोलता येत."

मला माझीच लाज वाटली. त्या बुधवारी ते आले खरे, पण तुकडे सोडले आणि पातेल्याकडे बघत बसले. रहू पार विरघळला. आम्ही दोघं काटे वेचत जेवलो.

एकादशीला त्यांचं घर भरलं होतं. मी दाराजवळची जागा धरली. महाराजांनी माळ हातात घेऊन रीतीप्रमाणे एकेक विचारलं. दारू कधी घेतलीच नव्हती. तंबाखू सोडून वर्षं झाली होती. मांस-मच्छीचं विचारलं, तेव्हा बाबूंनी काकूंकडे पाहिलं. काकू नवी साडी नेसून शेजारीच उभ्या होत्या, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. महाराजांनी पुन्हा विचारलं.

"मासोळी न्हाई सुटत, महाराज. दर बुधवारी खातो," बाबू खाली बघत म्हणाले. "हिला म्हणतो देवळात गेल्तो. कपाळाला लावतो तो अंगारा न्हाई, राख हाय उदबत्तीची."

महाराजांनी माळ कापडात गुंडाळून ठेवली. काकू आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. कुठे खातो, हे बाबूंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, तरी मी फराळ न करताच निघालो.

पुढच्या बुधवारी मी चिंच भिजत घातली, लसूण सोलला. साडेसहा झाले, पण सातपर्यंत वाट पाहायचा धीर मला होईना. ऑफिसात बाबू दिवसभर माझ्या टेबलाकडे फिरकले नव्हते. घरात मोठं भांडण झालेलं दिसतंय, असं वाटून मी त्यांच्या घराकडे निघालो. वाटेत काकूच समोर आल्या, हातात टाळ. तोंड चुकवायला जागा नव्हती. बाबू बरे आहेत ना, एवढंच मी विचारलं.

"बरे हायेत. परसात चूल मांडून दिली, पातेलं येगळं काढून दिलं. तिथंच शिजवून राह्यलेत."

भजन तर सातला असतं, मग तुम्ही इतक्या लवकर कशा, असं मी विचारलं.

"बुधवारी आता मी लवकरच जाणार," काकू म्हणाल्या. "इतके दिवस ते जल्दी जल्दी खाऊन राह्यले माझ्या भ्यानं. काटा अडकला असता म्हंजे?"

एवढं बोलून त्या देवळाकडे वळल्या. मला बाबूंचा फार हेवा वाटला, आणि भूकही लागली होती. खोलीवर येऊन मी सोललेला लसूण घालून एकट्यापुरती खिचडी टाकली.