लिंपलेला खड्डा

मिस्त्रींनी तीस वर्षं लोकांच्या भिंतींना गिलावा केला. गुडघे कुरकुरायला लागल्यावर प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी धरली. काम काय, तर काचेच्या टाकीतला चिखल सांभाळायचा! वर खारं पाणी, खाली चिखल आणि तळातून रात्रंदिवस हळूहळू सोडलेला गॅस. समुद्राच्या तळातून गॅस निसटला की तिथे खड्डे पडतात म्हणे. ते कसे पडतात, याचा अभ्यास तिथे पीएचडी करणाऱ्या ताई करत होत्या.

आठ महिने झाले तरी खड्डा पडेना. ताई दहाला यायच्या, टाकीत डोकावायच्या, वहीत ‘बदल नाही’ लिहायच्या. शुक्रवारी टाकी दुसऱ्यांना द्यायची होती. म्हणजे ताईंची पदवी बुडालीच.

मंगळवारी ताईंनी डबासुद्धा उघडला नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मिस्त्रींनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. “हे काय असतं?”

“तोच खड्डा, काका. समुद्राच्या तळावरचा.”

मिस्त्रींनी फोटो जवळ जाऊन पाहिला. असला खळगा तर रोज सकाळी सातला टाकीत असायचा, मधोमध, वाटीएवढा. समुद्रातला खड्डा म्हणजे भलंमोठं काहीतरी असणार, हा तर आपणच चिखल कच्चा बसवल्यामुळे पडला, असं समजून ते बाही वर करून तो लिंपून टाकायचे. दहापर्यंत पाणी निवळायचं.

घरी त्यांनी ताट बाजूला सारलं. “कामात खोट ठेवू नये, हेच शिकलो ना मी? मग चुकलं कुठे?”

“मला काय विचारता?” बायको म्हणाली. “सांगून टाका उद्या.”

“आणि नोकरी गेली तर?”

“तर आपल्याच भिंतींचे पोपडे निघालेत, ते बघा.”

बुधवारी सकाळी खळगा होताच. मिस्त्री दहापर्यंत हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले. ताई आल्या तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं आणि वर म्हणाले, “काढून टाका मला.”

ताई खाली बसल्या. त्यांनी खळग्याकडे बघितलं, मग मिस्त्रींकडे.

“रोज याच जागी पडायचा?”

“याच जागी. बोटभरही इकडेतिकडे नाही.”

“तुम्ही एवढं लिंपूनही?”

“चांगलं दाबून लिंपायचो, ताई.”

ताईंनी वही ओढली. “दाबून लिंपूनही रोज त्याच जागी, हेच लिहायचंय मला. पहिल्या दिवसापासून सांगा.”

मिस्त्री सांगू लागले. आपल्याला बोलणी बसतायत की शाबासकी मिळतेय, त्यांना काही केल्या उमगेना. बोलता बोलता त्यांचा हात सवयीने टाकीकडे गेला. ताईंनी वहीतून मान वर न काढता तो धरला आणि लिहून होईपर्यंत सोडला नाही.