रमाकांत मास्तरांच्या दारातल्या वहाणा

लालबागच्या त्या चाळीत रमाकांत मास्तरांची शिकवणी कशी चालते हे विचारायला कुणी आत जात नसे. दारातल्या चपला मोजल्या की झालं. दुसऱ्याच्या दारात डोकावण्याइतकं पुण्यकर्म चाळीला दुसरं ठाऊकच नव्हतं!

एके काळी अकरा जोड असत. मॅट्रिकच्या पोरांना मास्तर इंग्रजी शिकवायचे ते खोलीतल्या वस्तूंवरून. खुर्चीवर कागद डकवलेला, 'ब्रोकन चेअर'. पडद्यावर, 'फेडेड कर्टन'. स्टोव्हवरच्या पातेल्याकडे बोट करून विचारायचे, "बॉयलिंग वॉटर की बॉयल्ड वॉटर?"

"बॉयलिंग!" पोरं ओरडायची.

"शाब्बास. अजून उकळतंय. उतरवून ठेवलं की बॉयल्ड. क्रियापदाचं काम संपलं रे, की ते बिचारं नामाच्या दारात विशेषण होऊन बसतं."

बायको गेल्यापासून घरात आवाज काय तो हाच.

मग छप्पन साल उजाडलं आणि पोरं संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत गेली. सगळ्यांत शेवटी गेला तो वसंत. चपला पायात सरकवत म्हणाला, "मास्तर, मुंबई मिळू दे, मग येतो."

मास्तरांना मुंबई नको होती थोडीच? पण त्यांना वसंतही हवा होता. शिवाय 'आता कुणी येत नाही वाटतं?' हा चाळीचा प्रश्न त्यांना लाठीमारापेक्षा भारी पडला असता. त्यांनी खाटेखालून जुने जोड काढले, दारात मांडले, दार लोटलं आणि खणखणीत आवाजात शिकवायला लागले. महिनाभर खपलं.

शेजारच्या राधाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. एका दुपारी ती दारात थबकली, वाकली आणि सरळ आत आली. सतरंजी रिकामी. मास्तर हातात खडू घेऊन उभे.

"मास्तरानू, माझ्या घोवाक इंग्रजी कधीपासून येवक लागला? तो तर अंगठो उठवी!"

मास्तरांना आता आठवलं. तिच्या नवऱ्याच्या तेराव्याला तिनेच त्या वहाणा 'कुणा गरजवंताला द्या' म्हणून सोपवल्या होत्या. त्या खाटेखालीच राहिल्या, आणि कुणाच्या ते मास्तर साफ विसरले होते.

"दुसरो कोण गरजवंत गावलो नाय?" ती म्हणाली.

मास्तर बोटांवरचा खडू पुसत राहिले. पुसण्यासारखा तो उरलाच नव्हता. आता संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवर हसू फुटणार, हे त्यांना दिसत होतं.

राधाबाई बाहेर गेली. नवऱ्याच्या वहाणांवरची धूळ पदराने टिपली आणि त्या पुन्हा इतरांच्या रांगेत नीट लावल्या. तेवढ्यात गॅलरीतून पलीकडच्या खोलीतल्या नलूची हाक आलीच, "काय गं, कोण कोण आहे आत?"

"हळू बोल मेल्ये! शिकवणी चालू हा."

आत मास्तरांनी, राधाबाई खोटी पडू नये म्हणून, घसा खाकरला आणि रिकाम्या सतरंजीला विचारलं, "बॉयलिंग की बॉयल्ड?"