शाकाहाऱ्याचा वाटा

वाल्डॉर्फ शहरात नोकरीला असताना आम्ही जवळच्या खेड्यात राहायचो. आमचे जर्मन घरमालक प्रत्येक वाक्याआधी 'आल्झो' (आपलं 'तर मग') म्हणून खिसे चाचपायचे, जणू पुढचं वाक्य तिथेच ठेवलंय. गावात प्रत्येकाचं थोडं थोडं जंगल, आणि हरणं सगळ्यांचीच रोपं खायची. "आल्झो, हरणाला बांध कळतो का?" म्हणत त्यांनी शेजाऱ्यांना मिळून शिकार करायला लावलं. आमच्याकडे बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात! मीही हाकाऱ्यांच्या रांगेत आरडाओरडा करत रान उठवलं. मांसाचा वाटा मात्र मी शाकाहारी म्हणून नाकारला.

काही वर्षांनी आम्ही घर सोडताना घरमालक मला जंगलात घेऊन गेले. त्या शिकारीनंतर कुंपणाशिवाय वाढलेलं, हरणांनी न कुरतडलेलं, कमरेएवढं ओकचं झाड दाखवत म्हणाले, "आल्झो, हा तुमचा वाटा."

या वेळी खिसे मी चाचपले.