हॉइट ‘करीन’ म्हणत नाही

हॉइट लेडबेटर बोअर मारायचा. कॅरोलायनाच्या डोंगरातल्या आमच्या खोऱ्यात नळ आलेले नाहीत. ज्याचं पाणी त्याच्या जमिनीखाली. त्यामुळे जन्मात एकदा तरी प्रत्येकाच्या अंगणात हॉइटची गाडी घरघरून गेलेली, आणि प्रत्येकाने त्याला विचारलेलं, “हॉइट, लागेल ना रे पाणी?”

त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. “माइट कुड.” म्हणजे, लागलं तर लागेलही.

शिकलेल्या माणसांना हे ऐकवत नाही. माइट म्हणा नाहीतर कुड म्हणा, दोघांना एका पाटावर कसं बसवता? पण खोऱ्यात ते मांडीला मांडी लावून बसतात, आणि त्यात नकार नसतो. मी जीव तोडून बघतो, पुढचं माझ्या हातात नाही, एवढं सगळं त्यात मावतं. इंग्रजी तशी गमतीचीच. मधला शब्द एकच, लुक. मागे आफ्टर लागलं की सांभाळायचं, फॉर लागलं की शोधायचं, इनटू लागलं की चौकशी करायची. काम काय ते शेपटावरून कळतं. पण माणूस ते करणार की नाही, हे कळतं पुढच्या शब्दावरून. तिथे विल बसलं की वचन झालं. हॉइटने आयुष्यभर पाणी शोधलं, पण त्याच्या पुढे विल कधी लावलं नाही.

“जमीन काय माझं ऐकते?” तो म्हणायचा. “तिच्या वतीनं मी कोण कबूल होणारा?”

अर्वेलाला हेच आवडलं. तिचा पहिला नवरा म्हणजे नुसता विलचा कारखाना. घर बांधीन, गाडी घेईन, तुझ्या आईकडे बघीन. शेवटी त्याने एक होडी तेवढी घेतली, आणि ती गाडीमागे बांधून टेक्सासला जो गेला तो गेलाच.

अर्वेला शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिच्या बिस्किटांसाठी पोरं सकाळी न रडता शाळेत यायची. हॉइटने तिच्या अंगणात बोअर मारली, पाणी गोड लागलं, आणि मग दर शनिवारी तो पंप बघायला येऊ लागला. पंपाला काहीएक झालेलं नव्हतं.

“अगं, हा पंपाला बघतो का तुला?” तिच्या डोवी मावशीने विचारलं.

“पंपाला काही बोलत नाही, तसा मलाही नाही,” अर्वेला म्हणाली.

एकदाचा बोलला. ओसरीवर बसून, बुटांकडे बघत. “आपण दोघं… म्हणजे लग्न… माइट कुड.”

अर्वेला लगेच हो म्हणाली.

एकच गोष्ट तिला सलत होती. त्या हिवाळ्यात हॉइट घळीत घसरून पडला, पाय मोडला, आणि खिशात फोन असून सबंध दुपार तसाच पडून राहिला. टपालवाल्याला दिसला म्हणून बरं.

“अरे, मला हाक मारायची होतीस!” ती दवाखान्यात रडत ओरडली.

“तू कामावर होतीस. तुला कुठे मध्येच उठवायचं?”

हा माणूस देईल सगळं, पण मागणार काही नाही. असाच कुठेतरी गुपचूप पडून राहील आणि आपल्याला दुसऱ्याच दिवशी कळेल, ही धास्ती तिच्या मनातून जाईना. म्हणून ती चर्चच्या नव्या प्रीचरकडे गेली. लिंडक्विस्ट त्यांचं नाव, नुकतेच मिनेसोटाहून आलेले, खोऱ्याची बोली त्यांना नवी. “लग्नाच्या शपथेत शेवटी एक माझं घाला,” तिने सांगितलं. “गरज पडली तर माझ्याकडे मागशील का, असं विचारा त्याला. चारचौघांत कबूल होऊ दे.”

लग्नाला सारं खोरं लोटलं. प्रत्येक घरून केकचा एकेक थर आलेला, मध्ये वाळवलेल्या सफरचंदांचं सारण. प्रीचरने घसा साफ करून एका दमात विचारलं, “हॉइट, तू अर्वेलाच्या पाठीशी उभा राहशील, तिची वाट बघशील, तिचं ऐकशील, तिला सांभाळशील, आणि गरज पडेल तेव्हा तिच्याकडे मागशील?”

हॉइटने कॉलर सैल केली. “माइट कुड.”

सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या. डोवी मावशीने डोळे पुसले. प्रीचर मात्र पांढरेफटक पडले.

“असं चालत नाही, मिस्टर लेडबेटर. इथे विलच म्हणावं लागतं.”

“देवाच्या घरात खोटं कसं बोलू?”

“मग मला हे लग्न लावता येणार नाही.”

“अहो प्रीचर, हो म्हणालाय तो!” मागून कोणीतरी ओरडलं.

“तो ‘कदाचित’ म्हणाला.”

“त्याच्या जन्मातलं सगळ्यात मोठं कदाचित आहे ते!” डोवी मावशी उठून उभीच राहिली.

अर्वेलाने हातातली फुलं तिच्या हातात कोंबली. “थांबा. तुम्ही पाची कामं एका गाठोड्यात बांधून त्याच्यापुढे टाकलीत, प्रीचर. सुटी करून विचारा. एकेका कामापुढे तो काय लावतो ते तरी कळू दे.”

प्रीचरने सुस्कारा सोडला. “तिच्या पाठीशी उभा राहशील?”

“विल,” हॉइट म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकलाच नव्हता.

“तिची वाट बघशील?”

“विल. तिला तयार व्हायला फार वेळ लागतो, मला सवय झालीय.”

“तिचं ऐकशील?”

“कॅन. उजव्या कानाने. डावा बोअरच्या घरघरीने खाल्ला.”

“उजवीकडेच बसत जाईन,” अर्वेला म्हणाली.

“तिला सांभाळशील?”

“मस्ट. ते काय विचारायचं?”

आता प्रीचरलाही हसू आवरेना. “आणि गरज पडेल तेव्हा तिच्याकडे मागशील?”

हॉइट बुटांकडे बघू लागला.

“इथे माइट कुड मला नको हं,” ती हळूच म्हणाली. “दुसरं काहीही लाव.”

त्याने तोंड उघडलं, आवाज फुटेना. कपाळावर घाम. खोकला, आवंढा गिळला, पुन्हा खोकला. मग तिच्याकडे वळून घोगऱ्या आवाजात म्हणाला, “अर्वेला, कुड आय आस्क यू फॉर… घोटभर पाणी देतेस का गं? घसा पार सुकलाय.”

या वेळी कुड एकटंच आलं होतं, माइटला घरी ठेवून.

अर्वेला मग पांढरा झगा दोन्ही हातांनी वर धरून मागच्या स्वयंपाकघरात धावली आणि काचेची बरणी काठोकाठ भरून घेऊन आली. निम्मं पाणी झग्यावर. हॉइट गटागटा प्यायला.

“मागितलंस,” ती म्हणाली.

“मागितलं खरं,” तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

प्रीचर गोंधळले. “याला शपथ धरायची का?”

“याहून मोठी तुम्हाला मिळायची नाही,” डोवी मावशी म्हणाली. “उरका आता, बिस्किटं गार होतायत!”

प्रीचरने उरकलं. दोघं नवरा-बायको झाल्याचं त्यांनी सांगितलं, पण त्या टाळ्यांत कोणाला ऐकूच गेलं नाही. आणि हॉइटने रिकामी बरणी बायकोपुढे धरली.

“अजून मिळेल का गं थोडं?”