रिकामी पाकिटं

नायगावच्या आसपासच्या गावांत मी दोन वर्षं गरोदर बायकांची माहिती गोळा करत होते. लातूरहून एक संशोधन चाललं होतं. लोहाच्या गोळ्यांनी इथल्या बायकांचं रक्त किती वाढतं, ते बघायचं. दर महिन्याला गोळ्या द्यायच्या, मागची रिकामी पाकिटं परत घ्यायची, कार्डावर नोंद करायची. मी मुळातच शंकेखोर. नवरा म्हणतो, तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं.

एका गावातून पाकिटं फारच शहाण्यासारखी परत यायची. एक गोळी शिल्लक नाही. मला तापाच्या पाच गोळ्या धड पूर्ण करता येत नाहीत, आणि इथं कुणाला मळमळत नाही, कुणी विसरत नाही? मला काही हे पटेना.

तिथल्या एका पहिलटकरणीचा चेहरा तर दर खेपेला जास्तच पांढरा दिसायचा. तिला काही विचारलं की सासूच सांगायची, "घेती की. रोज घेती." एकदा सासू चहा टाकायला आत गेली, तेव्हा मी हळूच पुन्हा विचारलं.

"आमी सगळ्याजणी म्हशीच्या पेंडीत टाकताव," ती म्हणाली. "गोळीनं पोटातलं पोर लई मोठं होतंय, बाळंतपण अवघड जातंय म्हणत्यात. अन् पाकीट भरलेलं दिसलं तर तुमचे साहेब तुमालाच बोलतील, म्हणून आत्याबाई सगळं रिकामं करायला लावत्यात. कुणाला सांगू नका ताई."

मला राग आला आणि लाजही वाटली. मला बोलणी बसू नयेत म्हणून सगळं गाव म्हशींना लोह चारत होतं. पण खरं लिहिलं असतं तर सासूनं तिला जगू दिलं नसतं. शिवाय माझंही काम गेलं असतं, हेही सांगून टाकते. मी कार्डावर लिहिलं, सर्व गोळ्या घेतल्या.

आठव्या महिन्यात ती घेरी येऊन पडली. नांदेडच्या दवाखान्यात सोबत मीही गेले. डॉक्टरांनी कार्ड उलटसुलट पाहिलं.

"एवढ्या गोळ्या घेऊनही रक्त नाही? म्हणजे हिला गोळी लागू पडत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नोंद तुमची ना? खरंच घेतल्यात सगळ्या?"

सासू माझ्याकडे बघत होती. खाटेवरून तीही बघत होती.

मी हो म्हणाले. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या.