खिशातला फ्यूज

मी वायरमन आहे, त्यामुळे भुताखेतांच्या तक्रारी माझ्याकडे इतरांपेक्षा जास्तच येतात. बंद केलेला एलईडी मिणमिणत राहतो, बेल आपोआप वाजते… विरार पूर्वेला फुलपाड्यात, आमच्या आसपासच्या कितीतरी घरांत मला असल्या कामांना बोलावलंय. मिणमिणणाऱ्या दिव्यात भूत नसतं, कोणीतरी स्विच फेजच्या, म्हणजे करंटच्या वायरऐवजी न्यूट्रलवर लावलेला असतो, हे मी लोकांना हसत हसत सांगत आलो. एका काकूंनी तर होल्डरलाच लिंबू-मिरची बांधली होती. ती मीच सोडवली आणि वर चार शब्दही सुनावले. तेव्हा आता मीच असलं काही लिहायला बसलोय याची लाज वाटते. पण लिहितो.

काम मला दादाने, माझ्या थोरल्या भावाने शिकवलं. तेव्हा बोर्डावर चिनी मातीचे फ्यूज असायचे, मुठीत मावेल एवढा पांढरा ठोकळा, ओढला की लाइन बंद. दादाचा नियम एकच होता. ज्या लाइनवर काम करायचं तिचा फ्यूज ओढायचा आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकायचा. बोर्डावर ठेवायचा नाही, हत्यारांच्या पिशवीत नाही, खिशातच. बोर्डावर रिकामी जागा दिसली की समजायचं, वर माणूस आहे. तिथे हात लावायचा नाही.

आठ वर्षांपूर्वी तुळिंजला एका दुकानात काम करताना दादा शॉक लागून गेला. फ्यूज काढायला विसरला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

खरं असं झालं. दादा दुकानाच्या मागच्या बाजूला शिडीवर होता. मला पुढे भिंतीत भोक पाडायचं होतं आणि ड्रिल चालेना. बोर्डावर एक जागा रिकामी दिसली. घाईत होतो… पिशवीतून दुसरा फ्यूज काढला आणि लावला. लोक धावत आले तेव्हा बोर्डावर सगळे फ्यूज जागच्या जागी होते, त्यामुळे माझ्या बोलण्यावर कोणी शंका घेतली नाही. बाराव्याला नातेवाईक वहिनींच्या समोरच म्हणत होते, एवढा जुना कारागीर आणि असा कसा विसरला. वहिनी खाली मान घालून ऐकत होत्या. मी पाहुण्यांना पाणी देत होतो.

तेव्हापासून आम्ही तिघं एका घरात राहतो – वहिनी, पुतणी आणि मी. वहिनी मला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत.

आता मूळ गोष्ट. गेल्या थंडीत वसई पश्चिमेला, वाड्यांच्या गावात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी काम निघालं. गावात सगळे त्यांना मर्सी टीचर म्हणतात. मुलीचा साखरपुडा घरीच होता, म्हणून हॉलला ट्रॅक लाइट, म्हणजे छताच्या पट्टीवर सरकणारे दिवे, हवे होते. एक पट्टी आल्तारावर, म्हणजे त्यांच्या देवघरावर, एक जुन्या फोटोंच्या भिंतीवर, दोन जेवणाच्या टेबलाकडे, आणि चारही पट्ट्यांचा उजेड कमी-जास्त करायला एकाच प्लेटमध्ये चार डिमर. काम तसं अवघड नाही. एक फेज आत आणायची, चारही डिमरना लूप करायची आणि प्रत्येक डिमरमधून एक वायर त्याच्या पट्टीकडे न्यायची. दिवेसुद्धा डिमरवर चालणारेच घ्या, नाहीतर थरथरतील, असं मी टीचरना बजावलं होतं. त्यांनी ते वहीत लिहूनही घेतलं.

सकाळचे अकरा वाजले असतील. टीचर स्वयंपाकघरात होत्या. मी हॉलचा एमसीबी, म्हणजे हल्ली फ्यूजच्या जागी असतो तो खटका, पाडला, कोणी चुकून वर करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. जुन्या स्विचच्या पेटीतल्या प्रत्येक वायरला टेस्टर लावून पाहिला. टेस्टर कुठेच पेटला नाही.

इथे माझं चुकलं. ते घर टीचरचे मिस्टर आणि त्यांचे भाऊ यांच्यात वाटलेलं, मधे भिंत घातलेली, मीटर दोन. अशा घरांत भिंत उभी राहते, पण आतल्या जुन्या वायरी कोणी वाटत बसत नाही. हे मला माहीत होतं, तरी मी विचारलं नाही. टीचरचे दीर महिनाभर लेकाकडे गेलेले, आपला मेन स्विच बंद करून. पेटीतली एक लाल वायर त्यांच्या मीटरवरून आलेली होती. त्या क्षणी तिच्यात करंट नव्हता, एवढंच.

मी ती लाल वायर सोलली. उघडं टोक उजव्या हातात, डावा हात आधाराला खिडकीच्या लोखंडी ग्रिलवर. वायर डिमरमध्ये घालणार, तेवढ्यात माझ्या शर्टाचा खिसा जड झाला.

जड म्हणजे खरोखर जड. शर्ट खाली ओढला गेला. मी त्या खिशात पेन्सिलीशिवाय काही ठेवत नाही. ग्रिल सोडली, वायर सोडली आणि खिशात हात घातला… बोटांना गार चिनी माती लागली. फ्यूज. एमसीबी आल्यापासून असला फ्यूज मी जवळ बाळगलेला नाही. त्याच्या मधोमध दोरा गुंडाळलेला होता, घट्ट, आणि दोऱ्याला एक गाठ. ती गाठ मी अंगठ्याने चाचपली.

तेवढ्यात पेटीत फाटकन आवाज झाला. सोडलेल्या वायरचं टोक पेटीच्या पत्र्याला टेकलं होतं, तिथे मोठी ठिणगी उडाली आणि भिंत काळी पडली. पलीकडून दिरांचा आवाज आला – आत्ताच आलो, मेन चालू केला आणि लगेच लाइट गेली, तुमच्याकडे आहे का?

मी पुन्हा खिशात हात घातला. फक्त पेन्सिल होती. पेटीत, फरशीवर, सगळीकडे शोधलं, फ्यूज कुठेच नव्हता. टीचरनी मला खुर्चीवर बसवून साखरपाणी दिलं आणि आल्ताराकडे बघून क्रुसाची खूण केली.

काम अर्धं टाकून दुपारी घरी आलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे त्या दिवशीचं सगळं. दोऱ्याच्या गाठीपर्यंत आलो तेव्हा त्यांचा हात ताटात थांबला. त्या उठल्या, आपली पत्र्याची पेटी उघडली, तळातून एक रुमाल काढला आणि माझ्यासमोर सोडला. आत पांढरा फ्यूज होता. मधोमध काळा दोरा, घट्ट गुंडाळलेला. एक गाठ.

"दवाखान्यात ह्यांचे कपडे दिले, त्या खिशात होता," वहिनी म्हणाल्या. "दोरा माझ्या मंगळसूत्राचा आहे. मणी पोरीसाठी ठेवले."

आठ वर्षांत दादाच्या खिशाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

"फ्यूज खिशात असलेला माणूस विसरलेला नसतो, भाऊजी. एवढं मलाही त्यांनी शिकवलं होतं. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले."

मी सांगितलं. त्या रडल्या नाहीत, मीच रडलो. मग त्यांनी एकच विचारलं, "फ्यूज तुम्ही लावलात, हे त्यांना शेवटी कळलं का?"

मला माहीत नाही, म्हणालो. खरंच माहीत नाही.

बाराव्याला जे जे होते त्या सगळ्यांना मी एकेक करून फोन केले आणि दादा विसरला नव्हता, फ्यूज मी लावला होता, हे सांगितलं. काहींनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते बरोबरच आहे. टीचरचं कामही दोन्ही मीटर बंद करून पुरं केलं.

खिशातल्या फ्यूजचं उत्तर अजून मिळालेलं नाही. मनाचा खेळ म्हणावा, तर वहिनींच्या पेटीतली ती गाठ मी जन्मात पाहिली नव्हती. वहिनींनी आता तो फ्यूज दादाच्या फोटोखाली ठेवलाय, आल्यागेल्याला दिसेल असा. माझं ताट त्या अजूनही वाढतात, फक्त पूर्वीसारख्या समोर बसत नाहीत. आणि जेवताना माझ्या डोक्यात त्यांच्या प्रश्नातून निघालेला दुसरा प्रश्न असतो – दादाला कळलं असेल, तर त्या सकाळी त्याने मला का वाचवलं?