उलटा करंट

हिराजी पाण्यातून वर आला, तोंडातली नळी काढली आणि पहिलं वाक्य बोलला, "मॅडम, वरची क्रेन बाजूला घ्या. आधी क्रेन घ्या, मंग सांगतो."

हिराजी मुरुडचा कोळी. दरवर्षी पावसाळ्यानंतर आमच्या जेट्टीचे खांब पाण्याखाली जाऊन तपासायचा. माणूस कधी घाई करत नसे. मी क्रेन मागे घ्यायला लावली, दोरी बांधून जेट्टीचा तो भाग बंद केला.

"अकरा नंबरच्या खांबाला भोक हाय," तो म्हणाला. "माझा हात आत गेला. बाराला पण तसंच. ह्यो नुसता गंज न्हाय."

अलिबागच्या दक्षिणेला एका खाडीत ही खासगी मालजेट्टी आहे. मी तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. खांब लोखंडाचे, आणि समुद्र लोखंड खातो. त्यावर उपाय विजेचाच असतो. लाइनमधून येते ती एसी वीज, म्हणजे दिशा सारखी बदलणारी. रेक्टिफायर नावाचं कपाटाएवढं यंत्र तिची डीसी करतं, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. तिची मायनस वायर खांबांना जोडायची आणि प्लस वायर पाण्यात सोडलेल्या अ‍ॅनोडना, म्हणजे धातूच्या कांड्यांना. मग झिजायचं ते अ‍ॅनोड झिजतात, खांब वाचतात.

वायरी उलट्या जोडल्या तर खांब झिजतात. तेही समुद्राच्या वेगाने नाही, विजेच्या वेगाने. एक अँपिअर करंट वर्षभर असा उलटा वाहिला तर साधारण नऊ किलो लोखंड विरघळतं. आमचं रेक्टिफायर युनिट चाळीस अँपिअरवर चालू होतं.

मी जंक्शन बॉक्स उघडला, मीटर लावला. खांबाच्या वायरीवर प्लस होता. मी युनिट बंद केलं आणि तिथेच कट्ट्यावर बसले. कारण ते सुरू कोणी केलं होतं, हे मला माहीत होतं.

त्याआधी दहा महिने जुना रेक्टिफायर जळाला होता. नवीन आला. म्हात्रे वायरमन त्याच्या वायरी जोडत होते. म्हात्रे कंत्राटदाराकडचे, पण वीस वर्षं याच जेट्टीवर. ते मला म्हणाले, "मॅडम, टॅग खाऱ्या हवेनं गेलेत. कंची वायर खांबाची, नक्की कलत न्हाय. मी अंदाजानं जोडलंय. रीडिंग घेऊन बघूया."

हे रीडिंग पाच मिनिटांचं काम. एक छोटा प्रोब पाण्यात सोडायचा आणि खांबाचं व्होल्टेज बघायचं. ते मायनसमध्ये असतं. युनिट चालू केल्यावर आकडा आणखी मायनसकडे गेला तर जोडणी बरोबर, उलट सरकला तर चूक. पण आमचा प्रोब फुटलेला होता. दुसरा यायला चार दिवस लागणार होते.

आमचे मॅनेजर देसाई साहेब. त्यांना मी फोन केला.

"उद्या मालाचं बार्ज लागतंय," ते म्हणाले. "इन्शुरन्सवाल्यांना युनिट चालू असल्याचं सर्टिफिकेट आजच हवंय. चालू करा. रीडिंग काय, नंतर घ्या."

"फॉर्मवर रीडिंगचा रकाना आहे सर."

"जुन्या रजिस्टरमध्ये आकडे आहेत ना?"

मी जुने आकडे उतरवले. खाली सही केली. म्हात्रेंना म्हटलं, "सोमवारी बघू." प्रोब आला, स्टोअरमध्ये पडून राहिला. रेक्टिफायरवरचा काटा चाळीस दाखवत होता, हिरवा दिवा लागलेला होता. मी रोज तिथून जायचे.

हिराजी पाण्यातून वर आला त्याच दुपारी देसाई साहेबांच्या केबिनमध्ये मी सगळं सांगितलं.

"जोडलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"म्हात्रेंनी. पण तपासायचं काम माझं होतं. त्यांनी मला—"

"जोडलं कोणी, एवढंच मी विचारलं."

चौकशी झाली. रिपोर्ट टाइप होऊन माझ्या टेबलावर आला: वायरमनच्या हलगर्जीपणामुळे चुकीची जोडणी. म्हात्रेंनी रीडिंग घ्यायला सांगितलं होतं, याचा त्यात उल्लेख नव्हता. देसाई साहेब समोर उभे होते.

"त्या सर्टिफिकेटवर तुमच्या सहीच्या वर माझी सही आहे," ते शांतपणे म्हणाले. "खोटे आकडे तुमच्या अक्षरात आहेत. लायसन्स तुमचं जाईल. विचार करा."

मी अर्धा तास विचार केला आणि रिपोर्टवर सही केली.

म्हात्रेंचा गेटपास दुसऱ्या दिवशी रद्द झाला. पोखरलेले निघालेल्या पाच खांबांना बाहेरून नवे पत्रे वेल्ड करून काँक्रीट भरलं. जेट्टीवर जड क्रेन आता नेत नाहीत. देसाई साहेब बढती घेऊन दुसऱ्या पोर्टवर गेले.

चार महिन्यांनी मी म्हात्रेंच्या घरी गेले. ते नागावच्या होमस्टेंमध्ये इन्व्हर्टर बसवायची कामं करतात. ओट्यावर बॅटरीला पाणी घालत होते. उठले, खुर्ची दिली, बायकोला पाणी आणायला सांगितलं.

"म्हात्रे, चूक माझी होती," मी म्हणाले.

"ह्यां कंपनीत सांगितलंत?"

"नाही."

"मंग माझ्याजवल कशाला सांगता? मना म्हायतच हाय."

ते पुन्हा बॅटरीकडे वळले. मी पाणी प्यायले आणि निघाले.

आता नवीन युनिट चालू करताना मी स्वतः प्रोब सोडते आणि आकडा स्थिर होईपर्यंत हलत नाही. नव्या इंजिनिअरांना वाटतं, मॅडम फार काटेकोर आहेत. मी तो गैरसमज दूर केलेला नाही. वायर उलटी लागली तर पाच मिनिटांत सरळ करता येते. सही करायला तर एक मिनिटही पुरतं, पण ती सरळ करायला अजून माझा हात उठलेला नाही.